'डीएनएस बदला, स्पीड दुप्पट' हे खरं नाही

फॅमिली ग्रुपवर फिरणारा हा मेसेज चार गोष्टी ठामपणे सांगतो: २०० च्या प्लॅनवर सेकंदाला २०० एमबी उतरलेच पाहिजेत, डीएनएस नावाचं सेटिंग ८.८.८.८ केलं की स्पीड दुप्पट. यादीतलं '५जी' नावाचं वायफाय म्हणजे ५जी इंटरनेट. आणि वायफायचं नाव लपवलं की कुणी घुसू शकत नाही.

पहिला मुद्दा एमबीचा. प्लॅनचा आकडा मेगाबिटचा असतो, डाउनलोडचा मेगाबाइटचा. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून २०० भागिले ८, म्हणजे सेकंदाला २५ एमबी. एक जीबीची फाइल ४० ते ४५ सेकंदांत उतरली तर कंपनी फसवत नाहीये.

पण डाउनलोडचा आकडा ११-१२ एमबीच्या वर जातच नसेल आणि स्पीड टेस्ट ९४-९५ मेगाबिटला अडकत असेल, तर मात्र शोध घ्या. अशा वेळी दोष बहुधा केबलमध्ये निघतो. लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला दोन पुरतात, गिगाबिटला, म्हणजे १००० मेगाबिटला, चारही लागतात. क्रिंपिंग करताना, म्हणजे केबलच्या टोकाला प्लग बसवताना, एक तार नीट बसली नाही, किंवा केबल दारात चेमटली, की जोडणी गुपचूप १०० वर उतरते. नेट चालूच राहतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. लॅपटॉप राउटरला केबलने जोडा आणि विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये नेटवर्क, मग इथरनेट उघडून 'लिंक स्पीड' बघा. तिथे १०० असेल, तर हीच केबल बदलून पाहा. १००० असेल, तर फायबरच्या डब्यातून राउटरकडे येणारी केबल बदलून पाहा. तीच जास्त वेळा दुर्लक्षित राहते. राउटरचे पोर्टच १०० चे असतील तर केबल बदलून उपयोग नाही.

आता डीएनएस. साइटच्या नावावरून तिचा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा आकडी पत्ता, सांगणं एवढंच त्याचं काम. पत्ता कळल्यावर डेटा जुन्याच वाटेने, जुन्याच वेगाने येतो. पान उघडायला सुरुवातीला अडतं आणि मग झरझर येतं, किंवा व्हॉट्सअॅप चालतं पण ब्राउझरमध्ये काहीच उघडत नाही, अशा वेळी बदलून पाहायला हरकत नाही. ८.८.८.८ ही गूगलची २००९ पासूनची सेवा आहे, त्यात जादू कसली? शिवाय मेसेजमधली कृतीही अर्धवट आहे. अँड्रॉइडच्या 'प्रायव्हेट डीएनएस'मध्ये हा आकडा चालत नाही, तिथे 'डीएनएस डॉट गूगल' हे नाव लागतं. आणि वायफायच्या सेटिंगमधून बदलायचं तर आधी फोनचा आयपी 'स्टॅटिक', म्हणजे हाताने ठरवून कायमचा, करावा लागतो. घरातल्या दोन फोनना चुकून एकच आयपी दिला, की त्यांचं नेट आलटूनपालटून तुटत राहतं. त्यापेक्षा बदल राउटरमध्येच करावा.

'५जी' हे बहुतेक राउटरवर नुसतं नाव असतं. तो वायफायच्या लहरींचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा, मोबाइलच्या पाचव्या पिढीशी त्याचा संबंध नाही. राउटरच्या खोलीत तो वेगवान, दोन भिंतींपलीकडे लंगडा. तिथे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा बरा.

राहिलं नाव लपवणं. लपवलेलं नाव तुमचाच फोन जोडताना हवेत बोलून दाखवतो, आणि ते पकडणारी अॅप्स फुकट मिळतात. राउटरमध्ये डब्ल्यूपीए२ किंवा ३ ही सुरक्षा, किमान बारा अक्षरांचा पासवर्ड आणि डब्ल्यूपीएस (बटण किंवा पिनने जोडायची सोय) बंद, एवढं करा आणि नाव खुशाल दिसू द्या.