पुन्हा तेच पोहे, पुन्हा तोच इतिहास

झालं, यंदाही तेच! गल्लीत इंदूरचा इतिहास साजरा करायचा म्हणे, आणि पहिला अर्धा तास नुसते हारतुरे. मग माइकवरचा गृहस्थ दरवर्षीसारखं ठोकून देतो, "अहिल्यामातेनं याच राजवाड्यातून राज्य केलं!" अरे बाबा, राजधानी महेश्वरला होती. १७९५ साली बाई गेल्या त्याही तिथेच, नर्मदाकाठी.

मिरवणुकीतली अहिल्या तर लाल शालूत, नखशिखान्त दागिन्यांनी मढलेली. नवरा गेल्यावर पांढऱ्या लुगड्यात उभा जन्म काढला हो त्या बाईनं!

मागच्या वर्षी सांगायला गेले, तर आयोजक म्हणाले, "काकू, पब्लिकला काय फरक पडतो? पोहे घ्या." घेतले. (वरचा जिरावण मसाला मस्त होता, खोटं कशाला बोलू.)

१९८४ च्या दंगलीत राजवाडा जळताना पाहिलेली माणसं मागच्या खुर्च्यांवर बसलेली असतात. त्यांच्या हाती कधी माइक देतील? छे! आणि दिला तरी त्या डीजेपुढे ऐकू काय येणार, कप्पाळ? कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, म्हणजे होळकरांच्या समाध्या, इथून चालत जाण्याएवढ्या अंतरावर आहेत, पण पोरांना तिथे न्यावं हे काही कुणाला सुचत नाही.

पुढच्या वर्षीच्या वर्गणीची पावती मात्र आजच फाडून गेलेत.