बसतोय म्हणजे चालतोय असं नसतं!

दर शटडाउनला, म्हणजे देखभालीसाठी प्लांट बंद केला की, तेच रडगाणं! इंडेंटवर, म्हणजे स्टोअरच्या मागणीपत्रावर, ठळक लिहायचं, स्टड (बिनडोक्याचा, आट्यांचा बोल्ट) ए-१९३ बी-७, नट ए-१९४ २-एच, हे मालाचे दर्जे. आणि स्टोअरमधून येणार ८.८ ग्रेडचे बाजारू हेक्स (षटकोनी डोक्याचे) बोल्ट. वर ऐकवणार, "साहेब, भोकात बसतोय ना?"

अरे, बसणारच! पण ती वाफेची लाइन आहे, गेटची बिजागरी नाही. बी-७ हे क्रोम-मॉली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं) पोलाद, तापल्यावरही ताण धरून ठेवतं. साधा बोल्ट गरम होऊन सैलावला की गॅस्केटवरचा (जोडातल्या गळती रोखणाऱ्या चकतीवरचा) दाब जातो आणि फ्लँज, म्हणजे पाइप जोडणारी कडी, फुसफुसायला लागते. त्या वाफेसमोर उभा असतो तो आमचा फिटर, स्टोअरवाला नव्हे.

काल ६ इंची, क्लास ३०० (दाब सोसण्याचा वर्ग) ची फ्लँज उघडली. १२ स्टड. वायर ब्रशने टोकं घासली, तर नऊ स्टडवर बी-७ चा शिक्का आणि तिघांची टोकं कोरी! कोणी घातले, कधी घातले, पत्ता नाही. नट तर आणखी दुर्लक्षित. स्टड भारीतला आणि नट टोपलीतला, ही कुठली काटकसर?

मालाचं सर्टिफिकेट मागितलं की स्टोअरवाला म्हणे, "नंतर देतो." ते नंतर अजून उगवलेलं नाही. तिन्ही कोरे स्टड माझ्या टेबलावर पडलेत. बदली मिळेपर्यंत लाइन चालू करायला मी सही देणार नाही.