‘लिबरल’ म्हणण्याची रीत

समोरच्याचा मुद्दा खोडता येत नाहीये? मग त्याला ‘लिबरल’ म्हणा. चार अक्षरांत काम होतं, पुरावा लागत नाही. फक्त अनेकवचन विसरू नका: ‘तुम्ही लिबरल लोक’. एकट्या माणसाचे ‘लोक’ केले की जे तो कधी बोललाच नाही, त्याचाही जाब त्यालाच विचारता येतो.

देश मात्र पाहून घ्या. नवशिके तोंडघशी पडतात ते इथेच. अमेरिकेत १९३०च्या दशकात रूझवेल्ट यांच्या योजनांना हा शब्द चिकटला, तेव्हापासून तिथला लिबरल म्हणजे सरकारने खर्चाला हात सैल सोडावा म्हणणारा. युरोपात बऱ्याच ठिकाणी तोच शब्द सरकारने बाजारात लुडबुड करू नये म्हणणाऱ्याला लागतो. ऑस्ट्रेलियात तर तोंड मिटूनच बसा. मेंझीस यांनी १९४४ साली उभा केलेला लिबरल पक्ष हाच तिथल्या उजव्यांचा मोठा पक्ष. एखाद्या परंपरावाद्यावर ‘लिबरल!’ म्हणून खेकसलात, तर तो वर्गणीची पावती पुढे करायचा. जपानात आणि रशियात ‘लिबरल डेमोक्रॅटिक’ नावाचे पक्ष आहेत. जपानातला परंपरावादी, रशियातला कडवा राष्ट्रवादी. पाटी वाचून शिवी देऊ नये.

तुम्ही डावे असाल तरी हिरमुसू नका, ही सोय तुम्हालाही आहे. माओंनी १९३७ साली लिबरलपणाचे अकरा प्रकार मोजून दिले. त्यातला पहिलाच असा: जुन्या मित्राचं चुकतंय हे दिसत असूनही संबंध बिघडू नयेत म्हणून गप्प बसणं. या मापाने चहा पाजून वाद मिटवणारे सगळेच अडकतात. (मराठीत हे काम ‘मवाळ’ या शब्दाने चोख केलं. १९०७च्या सुरत काँग्रेसमध्ये मवाळ-जहाल वाद मंचावर जोडा भिरकावण्यापर्यंत गेला.)

कधी कधी गाठ वाचणाऱ्याशी पडते. तो म्हणेल, राजकारणात हा शब्द रुळला तो स्पेनच्या कादिझमध्ये. १८१२च्या घटनेच्या बाजूचे ते ‘लिबरल’ आणि विरोधकांना त्यांनी नाव ठेवलं ‘सर्विल’, म्हणजे हुजरे. डगमगू नका. त्याच घटनेचं बारावं कलम दाखवा: कॅथलिक धर्म हाच राष्ट्राचा धर्म, इतर धर्मांच्या उपासनेला बंदी. तो ‘त्या काळाच्या संदर्भात’ असं म्हणू लागला की ऐकणारे पांगतात.

सर्वांत सोपं सावज म्हणजे शिक्का चुकवत फिरणारा. १९८८ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार डुकाकिस यांनी ही निवडणूक विचारसरणीची नाही, कार्यक्षमतेची आहे, असं सांगून पाहिलं. प्रतिस्पर्धी बुश लिबरल, लिबरल म्हणत राहिले. मतदानाला दीड आठवडाही उरला नव्हता, तेव्हा डुकाकिस म्हणाले, हो, मी लिबरल आहे. रूझवेल्ट, ट्रूमन, केनेडी यांच्या परंपरेतला. पन्नासपैकी चाळीस राज्यं बुश यांना गेली. इतक्या उशिराच्या कबुलीने तुमचं काही बिघडत नाही. पंचाईत होते ती पहिल्याच दिवशी ‘हो, आहे, पुढे बोला’ म्हणणारा भेटला तर. मग नाइलाजाने मूळ मुद्द्यावर यावं लागतं.