आम्ही मानत नाही हो, पण...

माझ्या मावसबहिणीचं जमत आलेलं लग्न आज सकाळी मोडलं. फोनवरच. मुलाच्या आईने आधी मुलीचं तोंडभर कौतुक केलं, पोह्यांचं केलं, मावशीच्या पार्ल्याच्या घराचंही केलं आणि मग म्हणाल्या, "आम्ही मानत नाही हो, पण मुलीला मंगळ आहे ना. आमच्या सासूबाईंना नाही पटत." मुलगा पवईला कुठल्याशा स्टार्टअपमध्ये मशीनला विचार करायला शिकवतो. स्वतः या विषयावर एक अक्षर बोलला नाही.

त्यावर फॅमिली ग्रुपवर काकांचा मेसेज : "म्हणूनच आपण मागे. जपानमध्ये असला खुळचटपणा नाही." काका एकदा टूरबरोबर जाऊन बुलेट ट्रेनमध्ये बसून आलेत. मी तिथे, नागोयाला, नोकरी केली. त्यामुळे आज मुलाच्या आईपेक्षा काकांचाच राग जास्त आलाय.

काका, तिथे चार नंबरची खोलीच नसलेली हॉस्पिटलं आहेत. उत्तरेकडे डोकं करून झोपायचं नाही, कारण प्रेत तसं ठेवतात. भातात जेवायच्या काड्या उभ्या खोचायच्या नाहीत, तेही मयताचं. रात्री शीळ घातली की साप येतो. (आपल्याकडे कोकणात रात्री सापाचं नावच घेत नाहीत, 'लांबडं' म्हणायचं.) रात्री नखं कापायची नाहीत, नाहीतर आईबापांच्या शेवटच्या क्षणी तुम्ही जवळ नसणार. आमची गुहागरची आजी यातलं अर्धं तरी जपानी आजीइतक्याच अधिकाराने सांगायची.

आणि खरं सांगू? मला यातल्या कशाचाच राग नाही. एकदा सिग्नलला उभे होतो, समोरून शववाहिका गेली. शेजारी आमचे साहेब, सुटाबुटातले, कामात अतिशय कडक. त्यांनी हळूच दोन्ही अंगठे मुठीत लपवले. आईबापांना काही होऊ नये म्हणून तसं करतात. त्यांचे वडील केव्हाच गेले होते, गावी म्हातारी आई होती. गाडी लांब जाईपर्यंत त्यांनी मुठी सोडल्या नाहीत. अशा माणसाला काय हसायचं? आईने माझ्या स्कूटरला शनिवारी लिंबू-मिरची बांधली तर मीही काढत नाही. कोणाचं काय जातं? एक लिंबू.

पण तिथे माझ्या शेजारच्या टेबलावर एक बाई बसायच्या, त्यांचं गेलं. त्या १९६६ सालच्या. आपल्या साठ संवत्सरांसारखंच त्यांचंही साठ वर्षांचं चक्र आहे. त्यात एक वर्ष आगीच्या घोड्याचं. १९०६, १९६६ आणि आता हे २०२६. या वर्षी जन्मलेली मुलगी तापट निघते आणि नवऱ्याला खाते, अशी समजूत. सतराव्या शतकात प्रियकराला भेटता यावं म्हणून आग लावणाऱ्या एका भाजीवाल्याच्या मुलीला जिवंत जाळलं होतं, तिचा जन्म याच वर्षातला मानतात. तेव्हापासून सगळ्या मुलींच्या माथी.

१९६५ साली जपानमध्ये सव्वाअठरा लाखांच्या आसपास मुलं जन्मली. १९६६ साली साडेतेरा लाखांच्या थोडी वर. १९६७ला पुन्हा एकोणीस लाखांवर. काका, तुमची ती बुलेट ट्रेन १९६४ साली धावायला लागली होती. म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरने जाणाऱ्या देशाने नको ती मुलगी व्हायला म्हणून वर्षभर पाळणाच लांबवला.

या बाईंच्या आजीने त्यांच्या आईला सांगितलं होतं, एक वर्ष थांबा. आई थांबली नाही. डबा खाऊन झाल्यावर संत्रं सोलता सोलता त्यांनी मला हे सांगितलं. साल कुठेही न तुटता अख्खी उतरवायच्या त्या. म्हणाल्या, फायदाही झाला, आमच्या वर्षाला मुलंच कमी, परीक्षेला गर्दी नाही. तोंडावर हात धरून हसल्या. लग्नाचं निघालं तेव्हा मात्र लोक जन्मसाल विचारायचे आणि पुढे त्यांचा फोन येत नसे. सभ्य लोक. कारण कोणीच सांगितलं नाही. बहुतेक त्यांनीही कुणा आजीचंच नाव पुढे केलं असतं.

आता आपल्याकडे या. पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या, बाराव्या घरात मंगळ, की झाली पत्रिका मंगळाची. बारातली पाच घरं, म्हणजे किती जणी सापडणार बघा. एवढ्याने भागलं नाही तर नक्षत्रं आहेतच. मूळ सासऱ्याला वाईट, आश्लेषा सासूला, ज्येष्ठा थोरल्या दिराला, विशाखा धाकट्याला. अख्ख्या सासरच्या मरणाचा ठेका एका मुलीकडे! जावयाच्या नक्षत्राने सासूबाई दचकल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही. लिंबू-मिरचीसारखं स्वस्त नाही हे. लिंबाला कोणी नकार कळवत नाही.

मंगळ मुलाच्या पत्रिकेतही बघतात, मान्य. पण मंगळ असलेल्या मुलाचं लग्न होतं आणि मुलीची शांत होते, हा फरक मला कोणीतरी समजावून सांगा. आणि कायद्याचं म्हणाल तर २०१३ साली दाभोलकरांचा खून झाल्यावर कुठे जादूटोणाविरोधी कायदा आला, त्यातही पत्रिका बघणारे सुखरूप बाहेर.

बहीण ठीक आहे. दुपारी फोन केला तर म्हणाली, बरं झालं, तो पोहे खाताना सारखा मोबाईल बघत होता. पण मागून मावशीचा आवाज येत होता, गुरुजींशी कुंभविवाहाची तारीख ठरत होती. म्हणजे पुढच्या स्थळाआधी मुलीचं मडक्याशी लग्न लावायचं, मंगळ मडक्यावर जाणार!

मावशी, तू फेसबुकवर सगळ्यांच्या पोस्ट वाचतेस, मला माहीत आहे. गुरुजींना ॲडव्हान्स दिला असशील तर आजच्या आज परत माग. आणि काकांना ग्रुपवर उत्तर मी देते, तू मध्ये पडू नकोस.