नेता म्हणजे फक्त सभा गाजवणारा?

तुमच्या लेखात चांगल्या नेत्याची लक्षणं सांगताना वक्तृत्व आणि गर्दी खेचण्याची ताकद सगळ्यात वर ठेवली आहे. मला हे पटत नाही. वि. स. पागे यांचं नाव आज किती जणांना माहीत आहे? १९६० ते १९७८ अशी अठरा वर्षं ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. मुख्यमंत्री कधीच झाले नाहीत. पण रोजगार हमी योजना ही त्यांची कल्पना.

७२च्या दुष्काळात आमच्या आजीने रस्त्याच्या कामावर खडी फोडली. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची, भाकरी, कामावर मिळणारी सुकडी, हातांचे फोड, हे सगळं ती सांगायची. ते काम सरकारची मेहेरबानी होती. पागेंनी त्याचा हक्क व्हावा यासाठी पाठपुरावा केला. वसंतराव नाईक, शंकरराव चव्हाण, वसंतदादा असे मुख्यमंत्री बदलले, तरी विषय मागे पडला नाही. २६ जानेवारी १९७९पासून रोजगार हमीचा कायदा लागू झाला. काम मागा, पंधरा दिवसांत मिळालं नाही तर बेकारी भत्ता! आणि पैसा कुठून? शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर लावून. तो अजूनही आपल्या पगारातून कापला जातो.

मस्टरवर, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटावर, खोटी नावं चढली, हेही खरंच, आणि त्याची चीड येते. तरीही २००५ साली केंद्राने असाच कायदा केला. पुढच्या लेखात पागेंवर सविस्तर लिहा, ही मनापासून विनंती.