शकुंतलेचा खजिनदार

शकुंतला म्हणजे आमची बंद पडलेली नॅरोगेज, अरुंद रुळांची रेल्वे. तिची ब्रॉडगेज करायचा विषय परत निघाला आणि परतवाड्यातल्या आमच्या कट्ट्यावर चहाची दुसरी फेरी यायच्या आत तो विनयच्या तावडीत सापडला. विनय पुण्याहून दिवाळीला येतो आणि चार दिवस गावाला सुधारतो. मागल्या खेपेला ओला कचरा, सुका कचरा झाला. यंदा रेल्वे.

"वेल्समध्ये टॅलिलिन म्हणून लाइन आहे," मोबाइल आडवा धरून तो म्हणाला. "पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी टाकलेली. १९५० मध्ये मालक वारला. बंदच व्हायची होती. लोकांनी बर्मिंगहॅममध्ये सभा घेतली आणि १९५१ च्या मे महिन्यात गाडी सुरू! ड्रायव्हर, गार्ड, रूळ नीट करणारे, निम्म्याहून जास्त हौशी लोक. पगार शून्य. जगातली अशी पहिली लाइन."

"अन् रूळ चांगले होते?" गजूभाऊंनी विचारलं.

"छे! इतके झिजलेले, की गवतानं धरून ठेवले होते म्हणतात."

"मंग तं आपली लाइन पुढं हाये. आपल्या रुळाले बाभळीनं धरलं."

गजूभाऊंचे वडील मूर्तिजापूरच्या शेडमध्ये फायरमन होते, त्यामुळे शकुंतलेचा विषय निघाला की शेवटचा शब्द त्यांचा, हा कट्ट्याचा नियम आहे. विनयला तो मान्य नाही. त्याच्याकडे यूट्यूब आहे.

"प्रश्न रुळांचा नाही हो, मानसिकतेचा आहे. आपल्या लोकांत सेवाभावच नाही. सिव्हिक सेन्स नाही."

"शेगावले गेला का बे कधी? तिथं लोकाइले चपला सांभाळाच्या सेवेसाठी नंबर लावा लागते. नंबर आला तं गावात पेढे वाटतात. अन् तू म्हणतं सेवाभाव नाही?"

"ते धार्मिक आहे. वेगळं."

"काऊन वेगळं? दसऱ्याले माह्या बापानं इंजिनापुढं नारळ फोडला. आधी इंजिनाले हार, मंग घरच्या देवाले."

विनयनं व्हिडिओ पुढे केला. दाढीवाला एक गोरा इंजिनाची पितळी पट्टी पुसत होता, मागे शिट्टी. गजूभाऊंनी चष्मा वर करून शेवटपर्यंत पाहिला.

"शिट्टी दाखवली, पहाट नाही दाखवली. बाप रात्री तीन वाजता निघे. थंड इंजिन असलं की आधी तेलात भिजवलेलं कॉटन वेस्ट, वरतं लाकडं, मंग कोळसा. चार-पाच तास तापू द्याचं. घाई केली तं नळ्या गळाले लागत. अन् बॉयलरातलं पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीवर डोळा. नळीतलं पाणी दिसेनासं झालं की भल्याभल्याचा चेहरा पांढरा. वरतून राख काढा. आईनं कधी त्याचा सदरा पांढरा नाही पाह्यला."

"तिकडेही राख काढतातच, भाऊ. दहा वर्षं झाली की बॉयलर उतरवून पुरता तपासावा लागतो, त्याशिवाय इंजिन चालवूच देत नाहीत. त्यासाठी वर्षानुवर्षं वर्गणी गोळा करतात."

"म्हणजे आपल्यासारखेच येडे हायेत," गजूभाऊ म्हणाले. आवाजात कौतुक होतं.

इथे प्रमोद सरांनी घसा खाकरला. सरांचं प्रत्येक वाक्य 'मुद्दा क्रमांक एक'नं सुरू होतं आणि दुसरा मुद्दा आजवर कोणी ऐकलेला नाही.

"मुद्दा क्रमांक एक. लोकांना गाडी पाहिजे, जत्रा नको. वेल्सच्या गाडीत पर्यटक बसतात. आपल्या गाडीत मजूर बसत, भाजीच्या टोपल्या घेऊन बाया बसत, कॉलेजची पोरं बसत. एसटीचं तिकीट कितीपट पडतं ते त्यांना विचारा. ब्रॉडगेज म्हणजे ब्रॉडगेज!"

बोलणं खरं होतं. पण सर ते प्रार्थनेच्या वेळी सूचना द्याव्यात तसं बोलले, त्यामुळे कोणी ऐकलं नाही.

"आणि इंजिनं?" विनय चालूच. "शेजारच्या कॉरिस लाइनीची दोन जुनी इंजिनं पडून होती. पंचवीस-पंचवीस पौंडांना घेतली! आपलं तर माथेरानचं ७४० नंबरचं इंजिनसुद्धा इंग्लंडातल्या लेटन बझर्डच्या हौशी लोकांकडे गेलंय."

"आपल्या शकुंतलेचं इंजिन १९२१ चं. मँचेस्टरचं. इथला कापूस तिकडं गेला, तिकडचं इंजिन इकडं आलं. १९९४ च्या एप्रिलपर्यंत गाडी वढली त्यानं. पण मले एक सांग, त्या वेल्सवाल्याइले लाइन देली कोणं?"

"ती सरकारी नव्हतीच. १९४८ च्या राष्ट्रीयीकरणातून सुटली होती. मालकाच्या बायकोनं शेअर संस्थेच्या हवाली केले."

गजूभाऊंनी कप खाली ठेवला.

"हे सांग ना मंग! आपली शकुंतलाबी सुटली होती राष्ट्रीयीकरणातून. जमीन-रूळ खासगी कंपनीचे, गाडी रेल्वेची. कंपनीले पुसलं तं रेल्वेकडं बोट, रेल्वेले पुसलं तं दिल्लीकडं बोट. सेवाभाव हाये, येडबी हाये. पण उद्या मी इळा घेऊन एक बाभूळ तोडाले रुळावर गेलो, तं आरपीएफवाला माह्या नावानं गुन्हा नोंदवीन. तिथं त्या बाईनं चावी देली. इथं चावी कोणाच्या खिशात हाये तेच समजत नाही, अन् तू आमाले सिव्हिक सेन्स शिकवून राह्यला!"

विनय गप्प. मोबाइल उभा झाला.

माझं मत विचाराल तर चर्चा इथेच संपली होती. पण कट्ट्यावर चर्चा संपत नाही, समिती स्थापन होते. उद्या लाइन मिळालीच तर कोण काय करणार? सगळ्यांना गार्ड व्हायचं होतं. शकुंतलेचा गार्ड तिकीट फाडायचा, खाली उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे गेली की उघडायचा आणि परत डब्यात चढायचा. एवढा मान आमदारालाही नाही. गवत काढायला मात्र एकही हात वर आला नाही. विनय म्हणाला, "मी पुण्यातून सोशल मीडिया बघेन."

"अन् खजिनदार?"

सर सावरून बसले.

"सर नको," गजूभाऊ लगेच. "गणपतीच्या जनरेटरचं डिपॉझिट अजून आलं नाही."

"ते मी मांडववाल्याला दिलेलं आहे!"

"मांडववाला म्हणते सराजवळ हाये."

"मुद्दा क्रमांक दोन..." सर कडाडले, आणि कट्टा जो फुटला! टाळ्या, शिट्ट्या. कोणीतरी तर तारीख लिहून ठेवा म्हणालं.

हसणं ओसरल्यावर टपरीतून मंदामावशींनी विचारलं, "गाडीत चहाचा ठेका मले भेटन का?"

"मावशी, तिकडे चहाचं कँटीनपण व्हॉलंटिअरच चालवतात," विनय म्हणाला. "फुकट राबतात."

"फुकट? मंग राहू दे बाप्पा तुमची गाडी. अन् आधी कालचे पैसे काढा."