ग्रामपंचायतीत कसला आलाय व्हिप?

'व्हिप हे घटनेनं दिलेलं शस्त्र आहे. ग्रामपंचायतीपासून राष्ट्रपती निवडणुकीपर्यंत सगळीकडे चालतं. व्हिप मोडणाऱ्याचं पद व्हिप त्याच क्षणी काढून घेतो. शब्दच मुळी गुलामांच्या चाबकावरून आलाय.' हा मेसेज सगळीकडे फिरतोय. माझी वहिनी ग्रामपंचायत सदस्य आहे. सरपंचांवरच्या अविश्वास ठरावाच्या आदल्या रात्री पॅनेलप्रमुखांनी तिला तो पाठवला आणि खाली लिहिलं, 'व्हिप काढलाय, विचार करून हात वर करा.' ती रात्रभर झोपली नाही. हा सरळसरळ दम आहे.

व्हिप म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा आदेश. ग्रामपंचायतीत तो नसतो. ही निवडणूक पक्षचिन्हावर होतच नाही. कपबशी, छत्री अशा मुक्त चिन्हांवर होते. पॅनेल ही पुढाऱ्यांनी बांधलेली मोट, तो राजकीय पक्ष नव्हे. राज्याचा 1986 चा पक्षांतरबंदी कायदा महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीसाठी आहे. तिथं व्हिप खरा असतो आणि तो मोडल्यानं सदस्यत्व गेलंयही, एवढं मान्य करावं लागेल. पण तिथंही निर्णय जिल्हाधिकारी देतात, महापालिका असेल तर विभागीय आयुक्त, आणि तोही सुनावणी घेऊन. पॅनेलप्रमुख नाही.

'त्याच क्षणी पद जातं' हे तर धादांत खोटं. 1985 साली पक्षांतर रोखायला घटनेला जोडलेल्या दहाव्या परिशिष्टात व्हिप हा शब्दसुद्धा नाही. पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं किंवा मतदान टाळलं आणि पक्षानं 15 दिवसांत ते माफ केलं नाही, तर अपात्रतेचा प्रश्न येतो. मग सभागृहाच्या अध्यक्षांकडे याचिका, नोटीस, सुनावणी. त्यांच्या निर्णयाविरुद्ध कोर्टात जाता येतं, हे 1992 पासून ठरलेलं आहे.

शिवसेनेचंच बघा. जुलै 2022 मध्ये दोन्ही गटांनी एकमेकांच्या आमदारांना व्हिप बजावले. एकीकडे ठाकरे गटाचे प्रतोद, म्हणजे आदेश बजावणारे, सुनील प्रभू, दुसरीकडे शिंदे गटाचे भरत गोगावले. 11 मे 2023 ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं की प्रतोद राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष, म्हणजे नुसता आमदारांचा गट, नाही. गोगावल्यांना दिलेली मान्यता बेकायदा ठरवली. अपात्रतेचा निर्णय मात्र विधानसभा अध्यक्षांवर सोपवला. तो 10 जानेवारी 2024 ला आला आणि दोन्हीकडचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. ठाकरे गटाच्या आमदारांना व्हिप प्रत्यक्ष बजावलाच गेला नव्हता, हे त्यातलं एक कारण. तो निर्णय मला पटलेला नाही. पण दीड वर्ष, दोन व्हिप आणि एकही आमदारकी गेली नाही. 'त्याच क्षणी' कुठं राहिलं?

इंग्रजीत चाबूक, माणूस आणि आदेश, तिन्हींना व्हिपच म्हणतात. मेसेज लिहिणाऱ्यानं सगळं एकात कालवलंय. आपल्याकडे माणूस तो प्रतोद, आदेश तो पक्षादेश. प्रतोद आदेश बजावतो, तक्रार करतो. पद काढून घेणं त्याच्या हातात नाही.

गुलामांचं म्हणाल तर तेही चूक. इंग्लंडात कोल्ह्याच्या शिकारीत भरकटणाऱ्या कुत्र्यांना चाबकानं आवरणारा माणूस असे, त्याच्यावरून हे नाव पडलं.

राष्ट्रपती निवडणुकीत मतदान गुप्त असतं, तिथं पक्षाला व्हिप काढताच येत नाही. राज्यसभेच्या निवडणुकीत पक्षाच्या आमदाराला आपलं मत पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावं लागतं, तरी विरोधात मत दिलं म्हणून दहाव्या परिशिष्टाखाली आमदारकी जात नाही. पक्ष फार तर त्याला पक्षातून काढेल.